आळीतली लाँड्री, वाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला बरेचसे तेच ते प्रश्न येतात. गर्दीच्या वेळी त्यांची उत्तरं घाईत दिली जातात आणि कपड्याच्या बाबतीत घाई महागात पडते. म्हणून ती इथे सवडीने लिहिली आहेत. सुरुवातीला रोजच्या गोष्टी आहेत, पुढे डाग आणि साड्या, आणि शेवटी ज्यांचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही असे प्रश्न.

तुमच्याकडे काय काय करून मिळतं?

धुलाई-इस्त्री, नुसती इस्त्री, ड्रायक्लीन, साडीचं रोल प्रेस, सुती कपड्यांना खळ. चादरी, पडदे, सोफ्याच्या खोळी, गोधड्या आणि फेटेही घेतो. चामड्याच्या वस्तू, बांधून शिवलेल्या पगड्या आणि मोठे गालिचे घेत नाही. ती वेगळी कामं आहेत आणि ती करणाऱ्यांकडेच द्यावीत.

पैसे नगावर घेता की किलोवर?

नगावर. दर दुकानातल्या पाटीवर लिहिलेले आहेत. किलोवर धुणाऱ्यांना सगळे कपडे एकाच मशीनमध्ये टाकावे लागतात. आम्हाला ते नको आहे. शिवाय वजन आणि कष्ट यांचा मेळ बसत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, तर नऊवारी सव्वाआठ मीटरच्या घरात. वजनात फरक थोडा असतो, पण इस्त्रीच्या टेबलावर नऊवारी चांगलीच वेळ खाते. म्हणून तिचा दर जास्त.

आम्ही वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. वर येऊन कपडे नेता का?

हो. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, धर्मपुरी आणि गंगापुरी या भागांत आमचा मुलगा सायकलवरून सकाळी फेरी मारतो. जिन्याला दोर बांधलेले जुने वाडे त्याच्या पायाखालचे आहेत. घरात एकटे ज्येष्ठ असतील तर कपडे वरून आणतो आणि वर नेऊनही देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. एकच विनंती : गाठोडं त्याच्यासमोर मोजा आणि पावतीवर आकडा बघून घ्या.

कपडे किती दिवसांत मिळतात?

नुसती इस्त्री दुसऱ्या दिवशी, धुलाई-इस्त्री तीन दिवसांत, ड्रायक्लीन आठवड्यात. पाहुणे म्हणून एका मुक्कामासाठी आला असाल तर सकाळी दहाच्या आत दिलेली इस्त्री संध्याकाळी मिळते. पावसाळ्यात हे वेळापत्रक कोलमडतं. त्याबद्दल खाली ‘पावसाळ्यात कपड्यांना वास’ हा प्रश्न बघा.

कपडे देण्याआधी घरी काय करावं?

खिसे उलटे करा. सुट्टी नाणी आणि औषधाच्या पट्ट्या आम्ही परत देतोच, पण बॉलपेन खिशात राहिलं तर त्या कपड्यासोबत इतरांच्याही कपड्यांची वाट लागते. ब्रोच आणि सेफ्टी पिना काढा. सुटलेलं बटण किंवा उसवलेली शिवण असेल तर सांगा, धुण्यात ती आणखी उसवते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, डाग कसला आहे ते सांगा. “काहीतरी सांडलंय” यावर आम्हाला अंदाज बांधावा लागतो. चहा, तेल, रक्त, गंज, पान यांना प्रत्येकाला वेगळा उपाय आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला कायमचा पक्का करून टाकतो. घरी काही लावून पाहिलं असेल तर तेही सांगा. लिंबू चोळलं, टूथपेस्ट लावली, काहीही असो. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

माझा पांढरा शर्ट दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टात मिसळत नाही का?

प्रत्येक नगाला कापडी पट्टी टाचतो. तिच्यावर पावतीचा क्रमांक आणि आळीचं अक्षर असतं. पट्टी शिवणीच्या आतल्या बाजूला दोऱ्याने बांधतो. स्टेपलर वापरत नाही, कारण त्याच्या पिनेने गंज पडतो आणि मऊ कापड फाटतं. कपडा घरी आला की पट्टी सोडून टाका.

आजोबांच्या जुन्या धोतराच्या कोपऱ्यावर काळ्या रेघा आणि ठिपके आहेत. ते निघतील का?

नाही, आणि आमचं ऐकाल तर काढूही नका. ती परटाची खूण आहे. पूर्वी बिब्ब्याच्या फळात सुई टोचून तिच्यावर आलेला रस कापडाच्या कोपऱ्यावर ओढत आणि त्यावर चुना लावत. तो रंग काळा होऊन असा पक्का बसतो की साबण, सोडा, भट्टी, ऊन कशालाच दाद देत नाही. एका घराला दोन ठिपके आणि आडवी रेघ, दुसऱ्याला तीन उभ्या रेघा, तिसऱ्याला फुली. लिहिता-वाचता न येणारा परीटसुद्धा शंभर घरांची धोतरं न चुकता वेगळी काढायचा, ती या खुणांवर.

घरी कुणी हौसेने बिब्बा वापरून बघू नका. त्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात.

म्हणजे तुम्ही पिढीजात परीट का? पूर्वी हे काम कसं चालायचं?

हो, घरात हेच काम. परीट हा गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. कपड्यागणिक पैसे नसत. सुगी झाली की खळ्यावरून धान्य मिळे आणि सणावाराला ताट. कपडे सोड्याच्या पाण्यात बुडवून, पिळून, भट्टीवर रचून रात्रभर वाफेवर ठेवायचे आणि पहाटे नदीवर नेऊन आपटायचे. रेशमासाठी रिठ्याचं पाणी. रिठा आम्ही आजही वापरतो.

दुकानात गाडगेबाबांचा फोटो आहे, त्याबद्दलही मुलं विचारतात. बाबा परीट समाजातले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. दिवसा हातात झाडू घेऊन गाव साफ करायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं. आमच्या घरात दिवसाची सुरुवात त्यांना नमस्कार करून होते.

आता कृष्णेच्या घाटावर कपडे धुता का?

नाही. दुकानामागे हौद आणि मशीन आहे. आजच्या डिटर्जंटचा फेस नदीत सोडणं बरोबर नाही. पाणी कमी असताना तर तो घाटाच्या पायऱ्यांशीच साचून राहतो. ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२ सालचं. त्याच्यापुढचा घाट बघायला लांबून माणसं येतात, आणि तिथे आंघोळीला, पूजेला आपलीच माणसं उतरतात.

हळदीच्या डागाला साबण लावला आणि तो लाल झाला! आता काय?

घाबरू नका. आमच्या तालुक्यात हळद पिकते, कृष्णाबाईच्या उत्सवात पंगती उठतात, लग्नात हळद लागते. त्यामुळे हा डाग आम्ही सगळ्यांत जास्त पाहतो. हळदीतल्या रंगाचा गुणच असा आहे की साबण, सोडा, चुना अशा क्षाराशी गाठ पडली की तो लाल होतो. साबण पूर्ण निघाला की पुन्हा पिवळा दिसतो. कापड खराब झालेलं नसतं.

पांढरं सुती कापड असेल तर उपाय सोपा आहे. साबणाने धुवा, भरपूर पाण्यात खळबळून काढा आणि ओलं असतानाच कडक उन्हात टाका. उन्हाने हळदीचा रंग उडतो. एका उन्हात फिका होतो, दोन-तीन उन्हांत बहुतेक वेळा पूर्ण जातो. रंगीत किंवा रेशमी कापडावर मात्र हे करू नका, कारण ऊन हळदीबरोबर कापडाचाही रंग नेईल. तो कपडा तसाच, न धुता आमच्याकडे आणा.

कुंकू आणि गुलालाचे डाग जातात का?

कुंकू कसलं आहे त्यावर अवलंबून. हळद आणि चुन्यापासून केलेलं जुन्या पद्धतीचं कुंकू असेल तर लिंबाच्या रसाने ते पिवळं पडतं. मग पुढचा उपाय हळदीचाच, वर दिला आहे. बाजारातलं गडद लाल कुंकू बहुधा नुसत्या रंगाचं असतं, ते पाण्याबरोबर पसरतं. कोरडं असताना झटका, चोळू नका.

गुलालाचंही तेच. रंगपंचमीला बावधनच्या बगाडाच्या यात्रेहून परतल्यावर पांढरे सदरे तसेच बादलीत बुडवतात आणि सदरा गुलाबी होऊन बसतो. आधी दोरीवर टाकून कोरडाच झाडा, जितका पडेल तितका पडू द्या. मग थंड पाण्याची धार. गरम पाणी शेवटपर्यंत नको.

बाकीच्या डागांचं थोडक्यात सांगाल का?

रक्ताला थंड पाणीच लावा, गरम पाण्याने ते गोठून धाग्यात बसतं. तेल-तुपावर लगेच टाल्कम पावडर टाकून ठेवा आणि पाणी लावू नका. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, पण खाली जुनं फडकं धरून. लोखंडाच्या गंजाला पांढऱ्या सुती कापडावर लिंबू आणि मीठ चालतं. फणसाच्या चिकाला आधी खोबरेल.

केळीच्या चिकाचा डाग काळा पडला की आमच्याकडूनही निघत नाही. नारळ सोलताना, केळफूल साफ करताना जुने कपडे घाला, एवढंच सांगू शकतो.

शर्टाच्या लेबलवरच्या चिन्हांचा अर्थ काय?

पाण्याचं टोपलं म्हणजे धुणं. त्यातला आकडा पाण्याचं जास्तीत जास्त तापमान. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर. नुसता गोल म्हणजे ड्रायक्लीन. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब असेल तर ११० अंशांपर्यंत, दोन असतील तर १५०, तीन असतील तर २००. कुठल्याही चिन्हावर फुली असेल तर ते करू नका. लेबल टोचतं म्हणून कापून टाकणार असाल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

ड्रायक्लीन म्हणजे नक्की काय? पाणी लागतच नाही?

द्रव लागतो, पण तो पाणी नसतो. तेला-तुपाला विरघळवणारा द्रावक असतो. आपल्याकडे जुनी माणसं त्याला पेट्रोल वॉश म्हणतात. पाण्याने रेशमाचा पोत बिघडतो, लोकर आटते, कोटाच्या आतलं अस्तर गोळा होतं. द्रावकाने हे होत नाही. मात्र घाम, साखर, चहा असे पाण्यात विरघळणारे डाग नुसत्या ड्रायक्लीनने जात नाहीत. त्यांच्यावर आधी हाताने काम करावं लागतं. डाग सांगा म्हणतो ते यासाठीही.

घरी आणल्यावर प्लॅस्टिकची पिशवी काढून कपडा वाऱ्यावर टांगा, वास गेला की कपाटात ठेवा.

पैठणी घरी धुता येते का? किती वेळा ड्रायक्लीन करावी?

घरी धुवू नका. आणि प्रत्येक नेसण्यानंतर ड्रायक्लीनही करू नका. लग्नात दोन तास नेसलेली पैठणी सावलीत रात्रभर पसरून ठेवली की पुरे. डाग पडला असेल, काठाला घाम लागला असेल, तेव्हाच आणा. इथे आम्ही आमच्या धंद्याविरुद्ध बोलतोय असं काही जण म्हणतात, पण पैठणी नातीपर्यंत टिकायला हवी.

इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालून, बेताच्या उष्णतेची. ठेवताना मलमलच्या कापडात गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. हँगरला लटकवू नका, जरीच्या पदराच्या वजनाने रेशीम ओढलं जातं.

जर काळी पडली आहे. चिंचेने किंवा टूथपेस्टने घासू का?

कृपा करून नको. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदी काळी पडते. घासलं की काळेपणा जाईल, पण मुलामाही जाईल. अत्तर आणि स्प्रे थेट साडीवर मारणं, साडीला रबर लावून ठेवणं हे टाळा. रबरातही गंधक असतं.

आणखी एक. स्वस्त साड्यांची जर कधी कधी प्लॅस्टिकची असते आणि गरम इस्त्रीखाली ती आकसते. म्हणून साडी आली की आम्ही काठ बोटांत धरून, उलटा करून, आधी जर बघतो. त्या दोन मिनिटांत तुम्हाला थांबावं लागतं, याची आम्हाला कल्पना आहे.

इरकलचा लाल पदर अंगावर उतरला. मिठाच्या पाण्यात भिजवलं होतं तरी?

मिठाने रंगवताना रंग कापडात शिरायला मदत होते, पण एकदा रंगून झालेला कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. इरकलचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी, दोन वेगळ्या कापडांचा जोड. पहिल्या दोन-तीन वेळा साडी एकटीच, थंड पाण्यात, भिजत न ठेवता झटकन धुवा आणि पदर अंगावर न येईल अशी पसरून सावलीत वाळवा. रंग उतरलाच तर साडी वाळू देऊ नका. ओली असतानाच आणलीत तर बरंच वाचवता येतं.

खळ घालून कपडे वर्षभर ठेवता येतील का?

नाही. खळ म्हणजे मैदा, साबुदाणा किंवा तांदळाची पेज. ती खायला कसर आणि झुरळं येतात. नेहमीच्या वापरातल्या धोतराला, सुती साडीला, फेट्याला खळ छान. ट्रंकेत जाणाऱ्या कपड्याची खळ आधी धुऊन काढा.

अजून कोळशाची इस्त्री वापरता का?

वापरतो, फक्त जाड सुती कपड्यांना. पाच-सात किलोंचं वजन आपोआप दाब देतं. धोतराची जी परीटघडी त्या इस्त्रीने बसते ती विजेच्या इस्त्रीने बसत नाही असं आमचं ठाम मत आहे. रेशीम, टेरिकॉट आणि शाळेचे गणवेश विजेच्या इस्त्रीवर, कारण कोळशाची ठिणगी आणि उष्णता दोन्ही हातात नसतात. कोळसा ओट्यावर, उघड्यावरच पेटवतो. बंद खोलीत त्याचा धूर जिवावर बेतू शकतो, हे घरी वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

पांढरे कपडे घरी धुतले की राखाडी का होतात?

बहुधा बोअरचं जड पाणी. त्यातल्या क्षारांशी साबणाचा साका तयार होतो आणि धाग्यात बसतो. साबणाच्या वडीऐवजी पावडर वापरा किंवा पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाका. नीळ आणि टिनोपॉल मळ काढत नाहीत, फक्त पांढरेपणा दाखवतात. मळक्या कपड्यावर नीळ घातली की राखाडीवर निळसर डाग. क्लोरीनचं ब्लीच पांढऱ्या सुतीला चालतं. रेशीम आणि लोकर त्याने पिवळी पडते आणि विरते.

पावसाळ्यात कपड्यांना वास येतो. तुमच्याकडून आलेल्यांनाही!

महाबळेश्वरच्या मानाने वाईत पाऊस पुष्कळ कमी, पण झड लागली की दगडी भिंतींच्या वाड्यात काहीच वाळत नाही. वास येतो तो अर्धवट ओल्या कापडात वाढणाऱ्या बुरशीचा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही एक दिवस जास्त घेतो आणि शिवण, कॉलर, कमरपट्टी हाताने चाचपल्याशिवाय घडी घालत नाही. तुम्ही एवढं करा : घडी घरी आली की लगेच कपाटात कोंबू नका, तासभर पंख्याखाली ठेवा.

गोधडी आणि घोंगडी धुऊन मिळेल का?

गोधडी हो, पण मार्च ते मे. ओली गोधडी दोन माणसांना उचलावी लागते आणि तिला सलग दोन कडक उन्हं हवीत. आतलं कापड कुजलं असेल तर धुण्यात टाके सुटतात. ती शक्यता आधीच सांगतो. घोंगडी गरम पाण्यात आटते, म्हणून थंड पाण्यात, न पिळता, आडवी वाळवून.

सोवळ्याचा कद आणि देवाची वस्त्रं द्यावीत का?

आम्ही ती वेगळ्या पाण्यात, वेगळ्या घमेल्यात धुतो आणि इस्त्रीच्या टेबलावर धुतलेलं कापड अंथरतो. पण धुणारी माणसं सोवळ्यात नसतात. ज्यांच्या घरी कडक पाळणूक आहे त्यांनी हे कळून मगच द्यावीत. अनेक घरांत ड्रायक्लीननंतर कद घरच्या पद्धतीने पुन्हा शुद्ध करून घेतात, तो मार्ग बहुतेकांना पटतो.

घरात सुतक आहे, किंवा कुणाला खरूज आहे. कपडे घ्याल का?

सुतकात घेतो, त्या दिवसांत घरात आधीच पुष्कळ काम असतं. खरजेच्या कपड्यांचं फक्त आधी सांगा आणि ते वेगळ्या पिशवीत तोंड बांधून द्या. ते ६० अंशांच्या गरम पाण्यात वेगळे धुतो. गरम पाणी सोसत नाही असं कापड आठवडाभर तसंच बांधून ठेवा आणि मग द्या. सांगितलेलं दुकानाबाहेर जात नाही.

कपडा हरवला किंवा खराब झाला तर?

पावती घेऊन या आणि शक्य तितक्या लवकर या. चूक आमची असेल तर भरपाई देतो. रक्कम कपड्याची किंमत आणि तो किती वापरला आहे हे बघून समोरासमोर ठरवतो. ‘माल मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलं की हात झटकता येतात असं आम्ही मानत नाही. कुठल्याही लाँड्रीशी वाद मिटलाच नाही तर ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

वाडा रिकामा करतोय. आजीच्या ट्रंकेत पंधरा-वीस रेशमी साड्या आहेत. आम्ही दोन दिवसच आहोत, सगळ्या एकदम धुवायला देऊ का?

एकदम नको. पुण्याहून, मुंबईहून, परदेशातून आलेली मंडळी हे हमखास विचारतात. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर पिचतं. बाहेरून साडी धडधाकट दिसते आणि झटकली की चिरते. ट्रंक सावलीत उघडा, उन्हात नाही. साड्या झटकू नका, चादरीवर ठेवून दोन्ही हातांनी उलगडा. डांबरगोळ्या काढून टाका.

मग तीन ढीग होतात. धडधाकट आणि डागाळलेल्या साड्या ड्रायक्लीनला. धडधाकट आणि स्वच्छ साड्यांना फक्त वारा आणि नवी घडी. पिचलेल्यांना काहीच नाही, ना ड्रायक्लीन, ना रोल प्रेस. त्या मलमलवर ठेवून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, काठ-पदर तरी शाबूत राहतात. कुठली साडी कुठल्या ढिगात जाते हे ओळखायला जमत नसेल तर आम्ही वाड्यावर येऊन बघून देतो. आदल्या दिवशी फोन केलात तर सकाळची फेरी आटोपली की येतो.